लांडोरबाईंचं सक्रिय पाळणाघर

एका जंगलात, बाळांनो, पिल्लांना खेळायला शिकवावं लागे. हसू नका. मोठ्यांच्या डोक्यात काय शिरेल त्याचा नेम नसतो.

तिथं एक पाळणाघर होतं. वर्षाच्या आतली पिल्लं तिथं राहत. सांभाळायला होती घोरपडमावशी. तिची पद्धत अगदी गावठी. ती चिखलात पसरायची. पिल्लं तिच्या पाठीवर चढायची, घसरायची, भोकाड पसरायची आणि पुन्हा चढायची. मावशी म्हणायची, "पडू दे मेल्याला. हाताला कळतंय त्याच्या."

त्यात तुंगा माकडिणीचा गुंड्या होता. भारी लेचापेचा. आईच्या पोटाला धड बिलगता येईना, म्हणून तिनं त्याला इथं ठेवलेला. उन्हाळा लागला की माकडांची टोळी फांद्यांवरून उड्या मारत नदीपलीकडच्या रानात जाई. नदीच्या अलीकडे तेव्हा पानही उरत नसे. ज्याची मूठ घट्ट नाही, तो मागे राहिला.

तुंगा रोज विचारी, "मावशी, धरतोय का गं?"

"धरेल. आज माझं शेपूट दोनदा पकडलंन्."

एवढ्यात पाळणाघराच्या नव्या मुख्य म्हणून लांडोरबाई आल्या. परमुलखातल्या जंगलात कोर्स केलेल्या. त्यांनी चिखल पाहिला आणि नाकाला पंख लावला.

"शी! इथं सक्रिय शिक्षण कुठंय? भिंतीवर काहीच कसं नाही?"

"पोरं माझ्या पाठीवर आहेत ना बाई," मावशी म्हणाली.

मावशीला त्याच दिवशी नारळ मिळाला.

चिखल बुजवला. वर सतरंजी आली. भिंतीवर तक्ता लागला: दहा वाजता कुतूहल, साडेदहाला मुक्त खेळ. मुक्त खेळाच्या वेळी कुणी हलायचं नाही, कारण फोटो बिघडतो. खुळखुळे कपाटात, कपाटाला कुलूप. गुंड्या एकदा कपाटावर चढू लागला, तर बाईंनी त्याला मऊ पट्ट्यानं खुर्चीत बांधला. फोटोखाली लिहिलं, 'गुंड्या एकाग्रता शिकतोय.'

अशी अक्कल कोर्स केल्याशिवाय येत नाही हो!

तुंगा विचारायला आली, "बाई, मूठ कशी आहे त्याची?"

"अहो, तुमचा गुंड्या 'पकड' विषयात पहिला! हे घ्या प्रमाणपत्र."

तुंगा हरखली. साऱ्या टोळीला दाखवत हिंडली. त्या भरात गुंड्याचा हात धरून बघायचं मात्र तिला सुचलं नाही.

उन्हाळा लागला. टोळी निघाली. आयांच्या पोटाशीच वाढलेली बाकीची पिल्लं घट्ट चिकटली. तुंगानं पहिली उडी घेतली आणि गुंड्या सुटला. खाली करवंदीच्या जाळीत आदळला. पाय मोडला.

"थांबता येणार नाही," टोळीचा म्होरक्या म्हणाला. टोळी गेली. तुंगा पिल्लाला उराशी धरून मागे राहिली, सुकलेल्या रानात, एकटी.

ती तशीच पाळणाघरात गेली. "बाई, तुम्ही म्हणालात पहिला आला! मग पडला कसा?"

लांडोरबाईंनी निकालाचा तक्ता नीट तपासला. "पहिलाच आहे हो. परीक्षेत फांदी कुठं होती?"

तात्पर्य: पोराच्या मुठीत बळ नसलं तरी चालेल, प्रमाणपत्र हवंच. ते धरायला आई आहे.