पान एकशे बारावरची हरणी

"भारतात खरे गुप्तहेर तीनच," बंकटरावांनी चहाची बशी खाली ठेवत जाहीर केलं. "एक दिल्लीत हाय, त्याचं नाव गुप्त हाय. दुसरा कुठं हाय ते त्याचं त्यालाबी म्हायती न्हाई. आन तिसरा हा तुज्या म्होरं बसलाय."

हे ऐकायला हरिओम एकटाच होता, आणि आठवड्यातून किमान चारदा तो हे ऐकायचा. चौसाळ्यात हायवेला लागून त्याचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान. गिऱ्हाइकांसाठी दोन खुर्च्या, त्यातली एक बंकटरावांनी कायमची अडवलेली. पुण्यात एका कंपनीच्या गेटवर सात वर्षं येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पिशव्यांत डोकावण्याचा अनुभव, एवढ्या भांडवलावर हा माणूस गावी येऊन गुप्तहेर झाला होता. गेल्या साली शेजारच्या आळीतली म्हैस हरवली, तेव्हा बंकटराव तीन दिवस तिच्या खुरांचे ठसे पट्टीनं मोजत फिरले. चौथ्या दिवशी म्हशीनंच येऊन त्यांना मागून ढुशी दिली. त्यांच्या वहीत याची नोंद 'म्हैस प्रकरण, यशस्वी' अशी आहे. आणि हरिओम त्यांचा सहायक कधी झाला म्हणाल, तर ते त्या बिचाऱ्यालाही ठाऊक नाही. खुर्ची त्याची, चहा त्याचा, तेव्हा बहुतेक आपोआपच झाला असावा.

तेवढ्यात तात्याबा आत आले. तात्याबा म्हणजे लेखक. लहानपण बापाच्या मेंढरांमागं गेलं, पुढं जन्मभर गुरांच्या दवाखान्यात नोकरी झाली, आणि रिटायर झाल्यावर त्यांनी 'मेंढरं आणि मी: एक चिंतन' हे पुस्तक लिहिलं. तीन प्रकाशकांना पाठवलं. दोघांनी उत्तर दिलं नाही, तिसऱ्यानं 'पुढील चार वर्षांचे नियोजन पूर्ण झाले आहे' असं कळवलं. मग तात्याबांनी स्वतःच काढलं. टायपिंग हरिओमनं केलं आणि 'प्रकाशक कोण?' हा रकाना रिकामा दिसतो म्हणून तिथं 'हरिओम प्रकाशन' असंही टाकून दिलं. एका दुपारीत माणूस प्रकाशक होतो तो असा.

पाचशे प्रती आल्या. तात्याबांनी फाट्यावर फ्लेक्स लावला. त्यावर पुढारी सुंदररावांचा फोटो खाटेएवढा आणि लेखकाचा स्टॅम्पाएवढा. एक्केचाळीस व्हॉट्सॲप ग्रुपांवर मुखपृष्ठ टाकलं. दोनशे अंगठे आले, शंभरेक 'हार्दिक अभिनंदन' आले आणि तिघांनी फोटो बघून घाईत 'भावपूर्ण श्रद्धांजली' वाहिली. तालुक्यातल्या झाडून सगळ्या मानाच्या माणसांना त्यांनी घरी जाऊन, सही करून, पुस्तक भेट दिलं. आणि आठ महिन्यांत एक, अहो एक माणूस पुस्तकाबद्दल अवाक्षर बोलला असेल तर शपथ!

"बंकटराव, मला एक माणूस शोधून द्या," तात्याबा म्हणाले.

"हरवलाय?"

"न्हाई. घावलाय. पन कोण हाय ते म्हायती न्हाई."

त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. सकाळी दाराच्या कडीला खोचलेला सापडला होता. हरिओमनं मोठ्यानं वाचला:

"हरणी मेंढी पान ४६ वर लांडग्यानं नेली. पान ११२ वर ती व्यायली. मेलेली मेंढी कशी व्याती? खरं काय ते कळवा. रात्री झोप न्हाई."

खाली नाव नाही, गाव नाही.

"म्हंजी कुणीतरी एकशे बारा पानांपतूर गेलंय!" हरिओम उडालाच.

"तसं दिसतंय खरं," तात्याबा म्हणाले, पण त्यांचा चेहरा उजळला नाही. "पन ह्याचं उत्तर म्या पुस्तकात सविस्तर लिवलंय. नीट वाचणाराला हा सवाल पडाया नगं. मंग मला शंका येती, कुणीतरी माझी कीव करून, दोन पानं चाळून हे खरडलंय. सत्यभामा म्हनती दुसरं पुस्तक लिवा. डोक्यात हाय बी. पन म्या ठरवलंय, ह्यो वाचक खरा असंल तर लिवीन. खोटा असंल तर पेन बंद. मला एक माणूस बास हाय, बंकटराव. एकच."

हरिओमनं मान खाली घातली. त्याला एकदम लाज वाटली, कारण अख्खं पुस्तक त्यानं टाईप केलं होतं आणि त्यातलं एक वाक्य त्याला आठवत नव्हतं. टायपिंगवाल्याचं तसंच असतं. अक्षर डोळ्यातून शिरतं ते थेट बोटात उतरतं, वाटेत डोकं लागतच नाही.

बंकटरावांनी मात्र कागद उजेडाला धरला, हुंगला आणि जिभेला लावणार तोच हरिओमनं काढून घेतला.

"पिवळा डाग," बंकटराव म्हणाले. "भंडारा! लिवणारा देवाला जाऊन आलाय. आन हा लाल डाग..." त्यांनी आवाज खाली आणला. "रक्त."

"तात्याबा, मेंढीपायी कुणी रक्त कावून सांडंल?" हरिओमनं बंकटरावांना वगळून विचारलं.

"तू टायपिंग कर बे," बंकटराव म्हणाले. "माणूस नाव कावून लपवितो? मोठा असतो म्हणून. तालुक्यात मोठं कोण? सुंदरराव. चला!"

सुंदररावांनीच पुस्तकाचं प्रकाशन केलं होतं. सव्वा तास बोलले होते, त्यात पुस्तकाला 'हे पुस्तक' एवढे दोन शब्द मिळाले होते. त्यांच्या बैठकीतल्या काचेच्या कपाटात 'मेंढरं आणि मी' दर्शनी उभं होतं, वरचं प्लास्टिक शाबूत.

"वाचलं ना! येका बैठकीत वाचलं!" सुंदरराव म्हणाले. "लई दम हाय तात्याबा तुमच्यात."

"मंग सायेब," बंकटरावांनी डोळे बारीक केले, "हरणीचं काय?"

सुंदररावांनी कपाटाकडं एक नजर टाकली. मग त्यांनी तात्याबांच्या खांद्यावर हात ठेवला. "काळजी करू नका. वनखात्यात आपला माणूस हाय. हरणांचा बंदोबस्त करतो."

बाहेर आल्यावर बंकटरावांनी वहीत 'संशयित क्रमांक एक निर्दोष' असं लिहिलं, त्यापुढं '(अडाणी)' लिहिलं आणि लगेच खोडलं, कारण गावात राहायचं होतं.

दुसरा संशयित अंबाजोगाईचा. पुस्तकाला चार पानी प्रस्तावना लिहिणारे प्राध्यापक. बंकटरावांची अक्कल अशी, की ज्यानं प्रस्तावना लिहिली त्याला पुस्तक वाचणं भागच होतं. हरिओमला हसू आलं, पण दुकानात परतल्यावर फोन लावावा लागला.

"अप्रतिम कलाकृती," प्राध्यापक पलीकडून म्हणाले. "विशेषतः नायिकेची घुसमट. आजही अंगावर काटा येतो."

"कोणती नायिका, सर?"

"म्हणजे... एकूणच हो. ग्रामीण स्त्री."

पुस्तकात एक बाप, एक मुलगा, दोन कुत्री आणि ऐंशी मेंढरं होती. "सर, ती घुसमटलेली मेंढी असंल का?" असं हरिओम विचारणार होता, तर पलीकडून "आवाज तुटतोय, आवाज तुटतोय" असं अगदी स्पष्ट ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

आता बंकटराव उठून उभे राहिले. त्यांना तिसरा तर्क सुचला होता, आणि तो सुचला की त्यांच्या मिशा आधी हलतात.

"तात्याबा, तुमच्या पुस्तकाची हातानं लिवलेली वही कुठंय?"

"हरिओमच्या कपाटात हाय की तवाधरनं."

"जप्त!" बंकटरावांनी ती जाडजूड फुलस्केप वही काढून काखेत मारली. "अक्षर ताडून बघावं लागंल. तक्रार घेऊन जो येतो, पुष्कळदा त्यानंच केलेलं असतं. तात्याबा, चिठ्ठी तुमीच लिवली."

"ओ बंकटराव!" हरिओम खुर्चीवरून उठला. "जनाची न्हाई तर मनाची तरी!"

पण तात्याबा रागावले नाहीत, आणि हरिओमला तेच जास्त लागलं. ते नुसते रिकाम्या खुर्चीवर बसले. "असंल बी," ते म्हणाले. "आठ म्हैने वाट बघून माणूस झोपंत काय काय करीत असंल. असू द्या. ऱ्हाऊ द्या आता तपास."

"ऱ्हाऊ द्यायचा न्हाई," हरिओम म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं तपासाचा हुकूम सोडला. "घरी चला. कुणाकुणाला पुस्तकं गेली त्याची यादी बघू, उरलेली बघू. त्याबिगर कसं कळंल?"

उरलेल्या प्रती तात्याबांच्या घरात दिवाणाखाली गठ्ठे बांधून ठेवल्या होत्या. बंकटराव पोटावर सरपटत आत गेले, आणि आतून त्यांचा घुमलेला आवाज आला. "चोरी! येक गठ्ठा गायब! चाळीस प्रती!"

तात्याबा दचकले. "पुस्तकं कोण चोरंल? लोक फुकट घ्यायला मागंपुढं बघत्यात!"

"आंतरजिल्हा टोळी," दिवाणाखालून उत्तर आलं. "कागद वितळवत्यात."

सत्यभामाबाई स्वयंपाकघरातून ताट पुसत बाहेर आल्या. दिवाणाखालून निघालेले दोन पाय बघून त्यांनी विचारलं, "ह्ये कोण हाय? आन काय करायलेत?"

"चोरी झाली, वैनी," हरिओम म्हणाला. "चाळीस पुस्तकं."

"चोरी कसली आलीय? संक्रांतीच्या वाणाला दिली म्या."

बंकटराव बाहेर येण्याच्या गडबडीत दिवाणाला डोकं आपटून तिथंच थांबले.

"वाणाला?" तात्याबा म्हणाले. "पुस्तक?"

"मंग? साल-दरसाल बाया हळदीकुंकवाला येत्यात, साल-दरसाल म्या प्लॅस्टिकच्या डब्या वाटती. कुणाच्या घरात डब्या कमी हायेत? घरात येवढा माल पडलेला. सवाष्णींच्या हातावर तिळगूळ ठेवला, वर पुस्तक ठेवलं. तुमी पुढाऱ्याला द्या, सरांना द्या. आमाला कोण देतंय? बाया वाचत्यात की. पिठाच्या गिरणीवर दुसरा विषय न्हाई सध्या."

हरिओमनं हळूच खिशातली चिठ्ठी काढली. पिवळा डाग हळदीचा होता, लाल डाग कुंकवाचा होता. आपल्या घरातही आई, बायको, बहीण असताना हे ओळखायला तीन पुरुषांना अख्खा दिवस लागला, याचं त्याला फार वाईट वाटलं.

"वैनी, ही चिठ्ठी?"

"मीच खोचली कडीला. मागच्या आळीतल्या भिवराबाईच्या सुनंनं दिली, स्वप्नानं. ती सून वाचती आन सासू ऐकती. चकलांब्याहून आल्यात दोन म्हैन्याखाली. तुमी आन त्यांनी येकमेकांचं तोंडबी बघितलेलं न्हाई."

"आगं मंग मला सांगितलं कावून न्हाईस?"

"तुमी इचारलंव कवा? तुमी तर गुप्तहेर लावलाव."

दहा मिनिटांत वरात भिवराबाईंच्या ओसरीवर पोचली. ओसरीवर सात-आठ बाया शेंगा फोडत बसल्या होत्या. भिवराबाई मधोमध, सत्तरीच्या, कपाळ मोकळं, नजर करडी. लेखक आलाय म्हटल्यावर कुणी उठलं नाही, कुणी वाकलं नाही. भिवराबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं.

"तुमीच का ते? बसा. हरणी मेली का जित्ती हाय?"

तात्याबा ओसरीच्या कडेला टेकले. आठ महिने ते या प्रश्नाची वाट बघत होते.

"मेली," ते कसेबसे म्हणाले. "पन व्यायली ती तिची लेक. दूध न्हवतं, आमी बाटलीवर जगवली, आन तिला आईचंच नाव ठेवलं. सगळं लिवलंय की त्यात."

"कुठं लिवलंय?" स्वप्नानं पुस्तक पुढं केलं. "दाखवा."

तात्याबांनी पानं चाळली. पुढं चाळली, मागं चाळली. शेहेचाळीसवर लांडगा हरणीला घेऊन गेला होता आणि सत्तेचाळीसवर एकदम पाऊसपाणी सुरू झालं होतं. "न्हाई," ते म्हणाले. "न्हाईच की! छापायच्या आधी म्या सोता तपासलं हो! पन मला सगळं तोंडपाठ. डोळे फुडं पळाले असत्याल."

सगळे हरिओमकडं बघायला लागले. बंकटरावांच्या काखेत वही होतीच. स्वप्नानं ती घेतली, पानं उलटली आणि एका पानापाशी थांबली. दोन पानं एकमेकांना घट्ट चिकटली होती, आणि वर चहाच्या कपाचा गोल डाग होता. तो कप हरिओमनं लांबूनच ओळखला. टाईप करताना त्यानं दोन पानं एक समजून उलटली होती. प्रकाशकही तोच, गुन्हेगारही तोच.

"बघितलं?" बंकटराव टेंगूळ चोळत म्हणाले. "म्या वही जप्त केली नसती तर?"

"माझंच चुकलं तात्याबा," हरिओम म्हणाला. "आजच टाईप करतो. चाळीस घरी मीच नेऊन देतो."

"ते मागून," भिवराबाई म्हणाल्या. "आदी काय लिवलंय ते वाचा."

स्वप्नानं ओल्या बोटानं पानं अलगद सोडवली. तात्याबांनी चष्मा लावला आणि वाचायला लागले. दुधाची बाटली, रबरी बोंडी, रात्रभर ओरडणारं कोकरू, आणि कुणाशी न बोलणारा बाप एके सकाळी त्या कोकराला 'हरणे' अशी हाक मारून बसतो, ते. शेंगांचा आवाज थांबला. सुंदररावांच्या सव्वा तासात जी शांतता झाली नव्हती ती इथं दीड पानात झाली. हरिओमनंही ते पहिल्यांदाच ऐकलं, आणि तो बंकटरावांकडं पाठ करून उभा राहिला, कारण डोळे पुसताना गुप्तहेरानं बघितलं तर त्याची नोंद व्हायची.

वाचून संपलं. भिवराबाईंनी पदर डोळ्याला लावला, मग नाकाला लावला, मग लेखकावर डोळे वटारले.

"आन मंग ती दुसरी हरणी? तिचं म्होरं काय झालं?"

"ते... ते अजून लिवलं न्हाई," तात्याबा म्हणाले.

"मंग हितं काय चहाची वाट बघायलाव? जावा घरी. लिवा!"

चहा खरं तर आलाच होता. तात्याबांनी कप तसाच भरलेला ठेवला आणि चपला घालून चालायला लागले.