तर्कनवीस अवधूतपंतांचा वादपट व गोजाबाईची भट्टी

श्री. वाद घालणाऱ्यांस बुद्धी व ऐकणाऱ्यांस धीर देणारा जो गजानन, त्यास नमन करून हा मजकूर लिहितो. थोर माणसांच्या तोंडून जे ऐकिले ते तैसेच ठेविले. पदरचे घातले ते चवीपुरते. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, वैशाख मास. संवत्सराने नावाप्रमाणे वर्तणूक केली आणि श्रीमंतांच्या राज्यात घरोघर भांडणे माजली. दरबारात ज्याचा आवाज मोठा त्याचा न्याय खरा, ऐसा पायंडा पडला होता. मग श्रीमंतांस उबग आला आणि त्यांणी अवधूतपंत म्हणोन विद्वान होते, त्यांस तर्कनवीस हे नवे पद देऊन आज्ञा केली की, वाद तोलील ऐसे यंत्र करावे. पंतांणी तीन वर्षे जागेवरून न उठता वादपट सिद्ध केला. त्याची रीत ऐसी की, दरबारात कोणी जे बोलेल तो एक वाद, त्याचा पटावर एक दिवा. एक वाद दुसऱ्यास खोडीत असेल तर मध्ये बाण. आणि खोडणारासच कोणी खोडिले तर पहिला वाद पुन्हा उभा राहावा. उभा तो हिरवा, पडला तो तांबडा, आणि ज्याचा निकाल लागत नाही तो पिवळा. बोलिले तेच पटावर घ्यावे, न बोलिलेले घेऊ नये, हा नेम पंतांणी स्वतः घालून दिला होता आणि त्याचा त्यांस बहुत अभिमान होता.

अशात कारभारी गिरमाजीपंत यांस बागेकरिता नदीकाठची जागा मनास आली. तेथे गोजाबाई कुंभारणीची भट्टी, सासऱ्याच्या आज्यापासोन चालत आलेली. मग कारभाऱ्यांणी अर्ज गुदरला की, भट्टीचा धूर पाठशाळेत शिरतो, मुलांचे डोळे चुरचुरतात, सबब भट्टी उठवावी. आणि सोळा मानकरी उभे करून तेच सोळा वेळा बोलविले. यंत्राने सोळा बोलण्यांचा एकच दिवा केला, तेव्हा मानकऱ्यांची तोंडे पाहण्याजोगी जाहली. मग गोजाबाई बोलिली की, आपण वारा नदीकडे वाहतो तेव्हाच भट्टी लावितो, वारा फिरला तर पेटवीत नाही. त्यास खोडणारे कोणी नव्हते. धुराचा वाद तांबडा जाहला, भट्टीचा हिरवा जाहला, आणि पंतांची छाती हातभर फुगली.

परंतु गिरमाजीपंत म्हणजे बारा गावचे पाणी प्यालेले. ते सावकाश उठले आणि बोलिले, "या दरबारात कोणाचेही बोलणे भरवसा ठेवण्याजोगे नाही." यंत्राने तोही वाद घेतला. तो सर्वांस खोडी आणि खुद्द आपल्यासही खोडी. म्हणोन तो धड उभा राहीना, धड पडेना, आणि त्याच्यापायी सारा पट हळदीसारखा पिवळा जाहला. राज्याचा जुना कायदा ऐसा की, वाद मिटला नाही तर कारभारी म्हणतील ते करावे. कारभाऱ्यांणी लागलीच भट्टी पाडण्यास बेलदार बोलाविले. अवधूतपंतांणी पट पुसिला, पुन्हा मांडिला, फिरोन पिवळा. तीन वर्षांची विद्या एका वाक्याने बुडाली आणि तिजबरोबर एका बाईचा चुलाही बुडणार, हे ध्यानी येऊन पंतांस मेल्याहून मेल्यासारखे जाहले.

तेव्हा गोजाबाई पदर खोचून पुढे आली आणि पंतांस म्हणाली, "पंत, तुमचं यंतर मला कळत नाय. पण बोलण्यावर भरवसा नसंल तर बोलता कशापायी? भट्टी आत्ता पेटलेली हाय. गच्चीवर चढा आन् धूर कुठं जातो ते बघा."

पंतांस आपली चूक तेथेच उमगली. तीन वर्षे त्यांणी माणसांची तोंडे मोजिली, डोळ्यांस पटावर जागाच ठेविली नव्हती. त्यांणी हात जोडून श्रीमंतांस अर्ज केला की, नेम माझा आहे आणि तो चुकला आहे, हुजूरांणी गच्चीवर यावे. मग श्रीमंत निघाले, मागे पंत, मागे धापा टाकीत कारभारी आणि सोळा मानकरी. वर जाऊन पाहतात तो धूर सरळ नदीपार चालिला आहे, आणि दुसऱ्या अंगास पाठशाळेत मुले पाढे म्हणत आहेत, एकासही खोकला नाही. पंतांणी खाली येऊन पटावर नवा दिवा लाविला आणि त्यावर बोलणाराचे नाव न घालिता 'डोळ्यांनी पाहिले' इतकेच लिहिले. तो कोणाचे बोलणे नव्हे, म्हणोन कारभाऱ्यांचा वाद त्यास खोडू शकेना. आणि गोजाबाई बोलिली ते पाहण्यात तैसेच आले, तर कोणावरच भरवसा नाही हे बोलणे आपोआप पडले. ते तांबडे जाहले, धुराचा वाद पुन्हा तांबडा जाहला, आणि शेवटी भट्टीचा दिवा हिरवा लागला. कोणता वाद कोणी पाडिला हेही यंत्राने ओळीने सांगितले, त्यामुळे पुसण्यास जागा उरली नाही. श्रीमंत पोट धरून हसले. भट्टीस सनद जाहली, बेलदारांस गूळपाणी देऊन वाटेस लाविले, आणि गिरमाजीपंतांणी वाऱ्याची स्तुती केली. कारभारी तो कारभारी.

येणेप्रमाणे वृत्तांत जाहला. अवधूतपंतांणी पुढे जुना नेम मोडून नवा घातला की, पट मांडण्याअगोदर तर्कनविसाने जागेवर जाऊन पाहोन यावे. त्यांस वहाणांचे नवे दोन जोड लागले, आणि ते सुखी होते.