उजव्या पायाची उत्तरपूजा

शरदचंद्रांनी खुर्चीत बसून सुजलेला उजवा पाय दोन्ही हातांनी उचलला, नेम धरला आणि तो नव्या कोऱ्या स्टुलावर ठेवणार, एवढ्यात स्वयंपाकघरातून कुमुदिनीबाईंची हाक आली.

"अवो, थांबा! पाय लावू नका त्याले!"

पाय हवेतच थांबला.

"काऊन? पायासाठीच तर आणलं नं ते?"

"आत्ताच पूजा केली मी त्याची."

शरदचंद्रांनी वाकून पाहिलं. स्टुलावर हळद होती, कुंकू होतं, चार अक्षता आणि एक सुपारीही होती. कुमुदिनीबाईंच्या घरात पूजेशिवाय कुठलीच वस्तू नांदत नसे. वॉशिंग मशीनवर स्वस्तिक होतं, मिक्सरला दर अमावास्येला फूल मिळे, आणि इन्व्हर्टरला तर नारळ फोडला होता. त्यात स्टूल आलं ते नेमकं घटस्थापनेच्या सकाळी. हॉलच्या कोपऱ्यात घट बसवून आरती चालूच होती. बाईंनी खोक्यातून काढलेलं स्टूल घटाशेजारी ठेवलं आणि तेच निरांजन त्याच्यावरूनही ओवाळलं.

स्टूल होतंही ओवाळण्यासारखंच. सून अदिती बँकेत नोकरीला होती आणि घरातली एकही वस्तू साधी असू नये असं तिचं ठाम मत होतं. तिनं निर्मल गावच्या एका लाकूडकाम करणाऱ्या कारागिराकडून मुद्दाम जोडी करायला टाकली होती: एक बुटकं, सासऱ्यांच्या पायाखाली, एक उंच, बागेत बसायला. पांढरा गुबगुबीत देठ, वर लालभडक टोपी आणि टोपीवर पांढरे ठिपके.

"कुत्र्याची छत्री हाय ही," शरदचंद्र म्हणाले. "कुत्र्याच्या छत्रीची कोणी पूजा करते?"

"नवरात्रात घरात आलं ते देवाघरचं," बाई म्हणाल्या आणि विषय संपला.

पण शरदचंद्रांचा विषय संपण्यातला नव्हता. आठवड्यापूर्वी परसातला एक दोडका काढायला ते उलट्या बादलीवर चढले. दोडका हातात आला आणि पायाखालची बादली गेली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, "हाड शाबूत आहे. पाय सतत उंच ठेवा. अष्टमीला बघतो. सूज उतरली तर दसऱ्याला चाला, नाही तर ऑटोत बसून जा."

हे शेवटचं वाक्य त्यांना घोटापेक्षा जास्त लागलं होतं. आदिलाबादच्या त्या कॉलनीतली मराठी मंडळी दसऱ्याच्या संध्याकाळी वेशीबाहेरच्या जम्मीच्या, म्हणजे शमीच्या, झाडाकडे सीमोल्लंघनाला निघत, तेव्हा एकतीस वर्षं पहिलं पाऊल शरदचंद्रांचं असे. तहसील कचेरीतून रिटायर झाल्यापासून त्यांच्याकडे मानाची एवढीच एक गोष्ट उरली होती. ऑटोत बसून सीमा ओलांडायची कल्पनासुद्धा त्यांना सोसत नव्हती.

त्यांनी गुरुजींना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. गुरुजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"उत्तरपूजा करायची, अक्षता टाकायच्या आणि जरासं हलवायचं. मग खुशाल पाय ठेवा."

"ऐकलंस?" शरदचंद्र विजयानं म्हणाले.

"पण घटाजवळ पुजलं आहे म्हणता ना?" फोनमधून गुरुजी पुढे म्हणाले. "मग घट उठेपर्यंत हलवू नका."

"ऐकलंत?" कुमुदिनीबाई म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी दुसरं स्टूल आलं. कारागीर राघवेंद्र स्वतः निर्मलहून बसनं घेऊन आला होता. शरदचंद्र दारातच पाय सरसावून बसले होते. बायकोचा हात लागायच्या आत या स्टुलाचा कब्जा घ्यायचा, असं त्यांनी पक्कं ठरवलं होतं. राघवेंद्रनं कागद सोडला. लाल टोपीच्या बरोबर मधोमध हळदीकुंकवाचे पाच ठळक ठिपके होते.

"हे काय हाय?" शरदचंद्र ओरडले.

"पसुपु-कुंकुमा, सार," राघवेंद्र हात जोडून म्हणाला. "उसके बगैर हमारे घर से माल निकलताच नहीं. वो पहला वाला जल्दी में वैसाच भेज दिया, मेरी अम्मा बहुत गुस्सा हुई."

कुमुदिनीबाईंना इतकं समाधान वाटलं की त्यांनी राघवेंद्रला जेवू घालूनच पाठवलं. जोडी फोडू नये म्हणून दुसरं स्टूलही घटाच्या दुसऱ्या बाजूला गेलं.

मग शरदचंद्रांनी घरात पाय ठेवायला जागा शोधायला सुरुवात केली. जुन्या सरकारी गॅझेटांच्या गठ्ठ्यावर पाय ठेवला, तर "ती सरस्वती हाय." तांदळाच्या पोत्यावर ठेवला, तर "ती अन्नपूर्णा." कोपऱ्यातल्या केरसुण्यांकडे त्यांनी नुसतं पाहिलं, तर "लक्ष्मी!" अंगणातल्या पाट्याला खंडेनवमीला हळदकुंकू लागायचं होतं, त्यामुळे तोही आगाऊ बाद झाला. त्या घरात पाय ठेवता येईल अशी एकच जागा होती, ती म्हणजे जमीन, आणि तिला डॉक्टरांची मनाई होती.

"सगळ्या घरातून माझ्या पायाले बेदखल करून राह्यली तू!" शरदचंद्र चिडून म्हणाले. घोटा तोवर चांगलाच टम्म झाला होता.

अदितीला अपराध्यासारखं झालं. तिनं चारी बाजूंना पाहिलं, मग वर पाहिलं. हॉलच्या छताला कपडे वाळत घालायची कप्पी होती.

"बाबा, पाय टांगू या का?"

शरदचंद्रांनी बायकोकडे पाहिलं. "त्या दोरीची पूजा केली का तू?"

"नाई अजून."

"मंग अदिती, लवकर बांध!"

जुन्या उपरण्याची झोळी झाली, झोळीत टाच बसली, दोरी ओढताच पाय सरसर वर गेला आणि दोरीचं टोक खिडकीच्या गजाला बांधलं. शेजारी दोन टॉवेल आणि हेरंबचा, म्हणजे त्यांच्या मुलाचा, शर्ट वाळत होता. शरदचंद्रांना पहिल्यांदाच बरं वाटलं. फक्त पाय घटाकडे जात होता, म्हणून बाईंनी खुर्ची फिरवायला लावली. आता पायाचा तळवा थेट पुढच्या दाराकडे झाला.

आणि ती पंचमीची संध्याकाळ होती. बाईंनी हळदीकुंकवाला आठ जणींना बोलावलं होतं.

सगळ्यांत पुढे शेजारच्या रुख्मिणीबाई होत्या, ज्यांचं बाजारात भाजीचं दुकान होतं. बतुकम्माचा फुलांभोवतीचा फेर खेळून त्या तशाच आल्या होत्या; एका हातात कुंकवाचं ताट, दुसऱ्यात तरवडाची पिवळी फुलं. दार ढकललं तर कपाळासमोर वडीलधाऱ्या माणसाचा एक पाय, नीट झोळीत मांडलेला. यजमानीण स्वयंपाकघरात खिरापत आणायला गेलेली. रुख्मिणीबाईंनी क्षणभर विचार केला. पाय इतका उंच मांडला आहे म्हणजे पुजायचाच असेल.

त्यांनी अंगठ्याला कुंकू लावलं, फूल वाहिलं आणि नमस्कार केला. मागच्या सात जणींनीही तेच केलं, कारण पुढची करते तसं करायचं असतं.

"अवो बाई, काय करून राह्यल्या?" शरदचंद्र ओरडत होते. "सोडा, गुदगुल्या होतेत!" पण पाय ओढून घ्यावा तर तो गजाला बांधलेला.

कुमुदिनीबाई खिरापत घेऊन आल्या, तेव्हा नवऱ्याचा पाय पिवळ्या फुलांनी झाकला होता आणि रुख्मिणीबाई विचारत होत्या, "मंग यालेबी रोज ओवाळायचं का वो?"

अदिती तोंडाला पदर लावून बागेत पळाली. बायका गेल्यावर शरदचंद्रांनी फुलं झटकली नाहीत. तहसील कचेरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला आपली बाजू भक्कम झालेली लगेच कळते.

"आता फैसला कर, कुमुद. स्टूल पुजलं, पायबी पुजला. दोघाईचा दर्जा बराबर झाला. मंग हा त्याले लागला तर अपमान कोणाचा?"

बाईंनी पायावरचं एक फूल सरळ केलं. "बरोबर हाय तुमचं," त्या म्हणाल्या. शरदचंद्रांचा चेहरा उजळला. "पण स्टुलं घटाजवळ हायेत, अन घटाकडं पाय करून कोण बसते? अन दुसरं म्हंजे, पुजलेला पाय आता भुईले टेकता येत नाई. घट उठेपर्यंत."

शरदचंद्रांना कपाळावर हात मारावासा वाटला, पण उपयोग नव्हता. त्या रात्रीपासून ते घरात एका पायावर लंगडी घालू लागले.

अष्टमीला डॉक्टर आले. त्यांनी कप्पी पाहिली, दोरी पाहिली, कुंकवानं लाल झालेला अंगठा पाहिला.

"पाय उंच ठेवा म्हणालो होतो, छताला लावा म्हणालो नव्हतो!" मग त्यांनी घोटा दाबला. "पण सूज उतरली की! आता मात्र आजपासून रोज हॉलमध्ये चार फेऱ्या चाला. नाही चाललात तर पाय आखडेल आणि दसऱ्याला ऑटोच."

डॉक्टर गेले. शरदचंद्रांनी वादच घातला नाही; ते नुसते दाराकडे पाहत बसले. कुमुदिनीबाईंनी त्यांना एकतीस वर्षं त्या दारातून फेटा बांधून निघताना पाहिलं होतं. त्या उठल्या, कपाट उघडलं आणि लग्नातल्या शालूपासून सगळ्या साड्या बाहेर काढल्या.

"उठा," त्या म्हणाल्या. "भुईले टेकायचा नाई म्हटलं, चालायचं नाई असं नाई म्हटलं."

आणि हॉलमध्ये पायघड्या पडल्या. पुढे कुमुदिनीबाई साडी अंथरत, मागे अदिती ती गोळा करून पुढे पोचवत, आणि मधून शरदचंद्र चालत. पुजलेला उजवा पाय साडीवर, साधा डावा पाय फरशीवर.

"शालू जरा डावीकडं घे, कुमुद!"

"डाव्याले कायले पायजे? त्याची कोणी पूजा केली?"

चार फेऱ्या पुऱ्या व्हायला पाऊण तास लागला. तिघंही घामाघूम झाले आणि हसून हसून अदितीच्या पोटात दुखायला लागलं. नवमीलाही तेच झालं, फक्त त्या दिवशी रुख्मिणीबाई आपल्या दोन साड्या घेऊन मदतीला आल्या.

दसऱ्याला सकाळी गुरुजी घट उठवायला आले. त्यांनी घटावर अक्षता टाकल्या, दोन्ही स्टुलांवर टाकल्या आणि बाईंनी डोळ्यांनी खुणावल्यावर, चेहऱ्यावरची रेष हलू न देता, शरदचंद्रांच्या अंगठ्यावरही टाकल्या.

"आता जरासा हलवा," गुरुजी म्हणाले.

शरदचंद्रांनी पाय हलवला. पाय मोकळा झाला.

संध्याकाळी ते फेटा बांधून मंडळींच्या पुढे निघाले. चाल थोडी हळू होती, पण पहिलं पाऊल त्यांचंच होतं, आणि ते उजवं होतं. जम्मीची पानं वाटून, सगळ्यांचे नमस्कार घेऊन घरी आले तेव्हा घोटा ठणकत होता. खुर्चीसमोर बुटकं स्टूल आणून ठेवलेलं होतं. हळदकुंकू पुसलेलं, लाल टोपी स्वच्छ.

"ठेवा आता," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "आता काई हरकत नाई."

शरदचंद्र ऐसपैस बसले. पाय उचलला आणि थाटात स्टुलावर ठेवला. टाच टेकली मात्र, त्यांचा हात आपोआप खाली गेला, स्टुलाला लागला आणि कपाळाला लागला. आपण काय केलं हे लक्षात आल्यावर ते चपापले. पाय खाली घेतला, पुन्हा ठेवला. हात पुन्हा खाली गेला.

"हे काय बाबा?" अदिती म्हणाली.

"पाय लागला नं त्याले," शरदचंद्र पुटपुटले.

कुमुदिनीबाई आत गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात हळदकुंकवाचा करंडा होता.

"नाई! कुमुद, नाई!" शरदचंद्र ओरडले आणि पाय उचलून, पंधरा दिवसांत कोणी पाहिलं नव्हतं अशा चपळाईनं, बागेकडे पळाले.