अंगठ्याचा विभाग वेगळा

माणसाची जीभ खोटं बोलते, डोळे खोटं बोलतात, कुंडली तर दक्षिणा घेऊन खोटं बोलते. पण माणसाचा काना-मात्रा कधी खोटं बोलत नाही. हे माझं मत नाही, शास्त्र आहे. आणि सन १९५४ साली हे शास्त्र नागपूरहून सौंदड स्टेशनापर्यंत आगगाडीनं आणि तिथून पुढे आमच्या चिचाटोल्यापर्यंत बैलबंडीनं आलं.

निमित्त एका अर्जाचं. आमच्या शिक्षण कचेरीत (नाव सांगायला परवानगी लागते, आणि ती देणारे साहेब रजेवर आहेत) चिचाटोल्याच्या शाळेचे दुधराम गुरुजी यांच्याविरुद्ध तक्रार आली : 'सदर शिक्षक दुपारच्या वेळी वर्गात रोज, रविवार सोडून, झोपतात.' खाली नाव नव्हतं. एक निळा अंगठा तेवढा होता, मधोमध विळ्याच्या जुन्या जखमेची आडवी रेघ असलेला.

मी तिथला आवक-जावक कारकून, मूळचा चिचाटोल्याचा. लिफाफा फोडताच मला कळलं, हा अंगठा देवकाबाईंचा. आमच्या गावात शेंबडं पोरही सांगेल. पण मला कुणी विचारलं नाही. आणि न विचारता उत्तर देणं हा कचेरीत गुन्हा नसला तरी तशी पद्धत नाही.

नियम स्पष्ट होता. वर्गात झोपण्याची शिक्षा : तोंडी समज. निनावी अर्ज करून सरकारी शिक्षकाची बदनामी करण्याची शिक्षा, करणारा नोकर असल्यास : बडतर्फी. अर्थात झोपणारा कोण यापेक्षा लिहिणारा कोण हे शोधणं तातडीचं ठरलं. त्यासाठी हस्ताक्षर-तज्ज्ञ मागवले.

अर्ज कसा जन्मला ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. चिचाटोल्यात कुणालाही अर्ज करायचा तर तो गुरुजींनीच लिहायचा, हा बावीस वर्षांचा रिवाज. ज्यांना लिहिता येतं तेही त्यांच्याकडेच जात. सरकारला गुरुजींचं अक्षर समजतं, आपलं समजेल न समजेल. तशा देवकाबाई गेल्या.

"गुरुजी, एक अर्ज लिवून द्या जी."

"कोनावर?"

"तुमच्यावर."

"कायले?"

"तुमी रोज दुपारी झोपता. माहा नातू बे एके बे वर आठ दिवसापासून बसून राहिला."

गुरुजींनी विचार केला, आरोप खरा आहे असं त्यांचं मत पडलं, आणि त्यांनी दौत काढली. 'रोज झोपतात' एवढंच बाई म्हणाल्या होत्या. 'रविवार सोडून' हे गुरुजींनी घातलं, कारण अर्जात चुकीची माहिती जाऊ नये.

तज्ज्ञसाहेब चावडीवर बसले. सोबत एक भिंग, तीन फूटपट्ट्या आणि एक वही, जिच्यात मनुष्यस्वभाव संपूर्ण आला होता. शिरोरेषा वर चढते तो महत्त्वाकांक्षी. खाली उतरते तो निराश. वेलांटी पुढच्या अक्षरावर पडते तो शेजाऱ्याच्या बांधावर डोळा ठेवून असतो. (हा नियम ऐकताच जीवनलाल पटेलांनी आपला कागद मागे घेऊन दुसरा लिहिला.) जो अक्षरं सुटी सुटी काढतो तो भावकीत भांडतो, जो जोडून काढतो तोही भांडतो, पण एकत्र कुटुंबात.

गावची लोकसंख्या तीनशे बारा. लिहिता येणारे त्रेचाळीस. भाताच्या रोवणीचे दिवस होते, तरी सगळ्यांना शेतातल्या बांधीतून बोलावून आणलं आणि 'मी हा मजकूर राजीखुशीने लिहीत आहे' हे वाक्य सक्तीनं लिहून घेतलं. उदारामचा हात थरथरला. वहीनुसार हे अपराधी मनाचं लक्षण. (तो सकाळपासून नांगर धरून चिखलणी करत होता. वहीत चिखलणी नव्हती.)

संध्याकाळी निकाल लागला. त्रेचाळीसपैकी त्रेचाळीस नमुने अर्जाशी जुळले. शास्त्राला एवढं यश याआधी कुठेच आलं नव्हतं, आणि 'सगळ्यांचं अक्षर एकच,' म्हणताना साहेबांचा चेहरा पडला.

तेव्हा कोपऱ्यातून दुधराम गुरुजी पुढे आले. "एकच कसं म्हणता जी? वळण माहं हाय, मीच शिकवलो सगळ्यायले. पर हात ज्याचा त्याचा." त्यांनी कागदांचा गठ्ठा उचलला आणि पत्ते वाटावेत तसे वाटले. "हे उदारामचं. तो आंधी रेघ ओढते, मंग अक्षरं टांगते. हे चैतरामचं, त्याची मात्रा नेहमी उपाशी. हे पटेलायचं, दुसऱ्यांदा लिवलेलं दिसते. अन् अर्जातलं माहं हाय. मीच लिवलो."

त्रेचाळीस कागद, त्रेचाळीस मालक. एकही चुकला नाही. साहेबांनी पात्रता विचारली. गुरुजी म्हणाले, नॉर्मल पास, म्हणजे मास्तरकीची परीक्षा. पात्रता अपुरी म्हणून साहेबांनी त्यांचं मत अमान्य केलं, फक्त शेवटचं वाक्य तेवढं मान्य केलं.

देवकाबाई गर्दीतून आल्या आणि त्यांनी अंगठा थेट भिंगाखाली धरला. "साहेब, अर्ज माहा हाय. हा पाहा. गुरुजींनं फक्त लिवला."

"बाई, मी हस्ताक्षर बघतो. अंगठ्याचा विभाग वेगळा. तो दुसऱ्या इमारतीत बसतो."

"मंग तिकडच्या साहेबाले दाखवा."

"त्यासाठी अर्ज करावा लागेल," साहेब म्हणाले.

"लिवनार कोन?" बाईंनी विचारलं. साहेबांनी भिंग पुसलं आणि 'विभागाबाहेरचा प्रश्न' अशी नोंद करायला सांगितलं.

नोंद मीच करत होतो. पंचनामा लिहायला मला नेलं होतं. अंगठा मी ओळखत होतो, एक शब्द बोललो असतो तर पुरलं असतं. पण माझंही अक्षर तेच, त्याच पाटीवरचं; चव्वेचाळिसावा नमुना म्हणून मला बसवलं असतं तर? भीती वाटली. सरळ सांगतो, भीती वाटली आणि मी मान खाली घालून लिहीत राहिलो.

अहवाल नऊ पानी झाला. त्याचा सारांश : अर्ज लिहिणारा मत्सरी, कपटी आणि गुरुजींचा जुना वैरी आहे, तो स्वतः गुरुजी आहे, अर्जदार अज्ञात. कचेरीनं अहवाल पूर्ण मान्य केला आणि दुधराम यांनी दुधराम यांची बदनामी केल्याबद्दल दुधराम यांना बडतर्फ केलं. (झोपेबद्दल समज वेगळी दिली. अन्याय नको.)

हुकूम मी लिहिला. माझं अक्षर कचेरीत सगळ्यात चांगलं म्हणून असे कागद माझ्याकडेच येत. नेऊनही मीच दिला. गुरुजींनी तो आडवा-उभा धरून वाचला, मग माझ्याकडे पाहिलं.

"'द'ची शेपटी अजून लांबच काढून राहिला तू," ते म्हणाले, आणि पोच म्हणून सही केली. रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

चिचाटोल्याला नवे शिक्षक मिळाले. ते वर्गात अजिबात झोपत नाहीत. ते मंगळवारी येतात. दुधराम गुरुजी सौंदड स्टेशनाबाहेर लोकांचे अर्ज लिहून देतात. पहिला अर्ज देवकाबाईंचा : 'गुरुजी दुपारी झोपत होते हे खरे, परंतु सकाळी शिकवीत होते, तरी परत द्यावेत.' खाली निळा अंगठा, मधोमध आडवी रेघ. तो माझ्याच टेबलावर आला. मी त्यावर शेरा मारला, 'अर्जदार अज्ञात', आणि फाईलला लावला. शेरा लिहिताना शेपटी आखूड काढायचा प्रयत्न केला. जमलं नाही. त्यानंतर मी टंकलेखन शिकून घेतलं. हा मजकूरही यंत्रावरच केला आहे.

आता वाचकहो, तुम्ही हसत असाल. हसा. पण या शास्त्राचा एक प्रयोग घरी करता येतो. कागद घ्या आणि आपलं नाव लिहा, नेहमी लिहिता तसं. त्याच्याखाली, ज्यांनी तुमचा हात हातात धरून ते पहिल्यांदा पाटीवर गिरवून घेतलं, त्यांचं नाव लिहा.

आठवत नाही? काळजी करू नका. आमच्या कचेरीत त्यासाठी शेरा तयार आहे.