चंद्रव्वाच्या कोंबड्यांना थंडी वाजते

खरं म्हणजे सिद्धारामला फोनवर एवढंच म्हणायचं होतं की, तुझ्याबिगर करमत न्हाय, ये आता. पण लेकीचं लग्न होऊन गेल्यावर बायकोला असलं काही म्हणायचं म्हणजे जीभच उचलत नाही. त्यात चंद्रव्वा गेलेली कुर्डुवाडीला, लेकीच्या बाळंतपणाला. डॉक्टरनं लेकीला, श्रीदेवीला, प्रवास करू नको म्हणून सांगितलेलं, म्हणून आईच तिच्या घरी जाऊन राहिली होती. बाळंतिणीला सोडून नवऱ्याकडं ये, असं कोण कुठल्या तोंडानं म्हणणार? तेव्हा सिद्धारामनं घसा खाकरला आणि म्हणाला, "कोंबड्यांना थंडी वाजतीय."

पुढचा सगळा घोळ या एका वाक्यानं झाला.

आता लिंगायताच्या परसात कोंबड्या कशा, हा प्रश्न तुम्हालाच पडलाय असं नाही, अख्ख्या गल्लीला पडला होता. मागच्या खोलीत एक भाडेकरू राहायचा. खोली सोडताना "दोन दिवस सांभाळा वैनी" म्हणून तीन कोंबड्या ठेवून गेला, तो गेलाच. चंद्रव्वानं आधी नाक मुरडलं, मग दाणे टाकले, मग नावं ठेवली. तुंगा, भद्रा आणि कावेरी. नाव ठेवलं की माणूस अडकतो. अंडी ती सांडशीनं उचलायची आणि शेजारणीला देऊन टाकायची (हात लावला तर विटाळ व्हायचा), पण कावेरीला मात्र मांडीवर घेऊन बसायची. सिद्धारामनं एकदा तिला याबद्दल विचारलं होतं. त्या दिवशी त्याच्या आमटीत मीठ पडलं नाही.

आणि थंडी काही खोटी नव्हती. सोलापूरकराला उन्हाचं कुणी सांगू नये, ते त्याच्या घरचंच. पण गारठ्याची आम्हाला सवय नाही. यंदा पौषात असा कडाका पडला की एमआयडीसीकडं सायकलीवर निघालेली माणसं कानाला टॉवेल गुंडाळून जाताना दिसायची आणि ओळख फक्त चपलांवरून पटायची.

"अय्यो," तिकडून चंद्रव्वा म्हणाली. "मग चादरी घाला की खुराड्यावर."

"घालतो. मला पण जरा सर्दी झालीय."

"तुमी मोठं हायसा की. कावेरी हलकी हाय. ठिवा फोन, आधी झाका तिला."

चादर म्हटल्यावर सिद्धारामला जोर आला. अक्कलकोट रोडच्या एका चादरीच्या कारखान्यात तो क्लार्क. आमच्याकडं ताप आला की चादर, पाहुणा आला की चादर, कुणाचा सत्कार असला की चादर. त्यानं घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या चादरी काढल्या, आपल्या अंगावरचीसुद्धा, आणि खुराडं असं आवळून बांधलं की मुंगीला आत जायचं तर परवानगी काढावी लागली असती. स्वतः स्वेटर, माकडटोपी आणि दोन टॉवेल घेऊन झोपला. फार मोठं काम केल्याचं समाधान होतं, त्यामुळं झोपही लागली.

सकाळी दोऱ्या सोडल्या तर आतून ऊन, ओला, नाकात बसणारा वास आला. चादरी आतून चिंब झाल्या होत्या. तुंगा आणि भद्रा झिंगल्यासारख्या बाहेर आल्या. कावेरी आलीच नाही. पिसं फुलवून, डोळे मिटून कोपऱ्यात बसली होती, दाण्याकडं बघेना. कावेरीला काही झालं तर चंद्रव्वा धावत येईल खरी, पण ती तशी आलेली सिद्धारामला नको होती.

कारखान्यात त्यानं डबा खाताना सहज विषय काढला. "गावरान कोंबडीला थंडीत काय लागतं वो?"

"काळं तिखट," कापडखात्यातला एकजण म्हणाला.

"आन लसूण सढळ हातानं," दुसरा म्हणाला. "घाई करायची न्हाय. मंद आचंवर ठिवायचं."

"जिवंत हाय ती," सिद्धाराम कळवळून म्हणाला.

"मग आज नका करू. आज सोमवार हाय."

शेवटी कामावरून येताना तो महबूबभाईंच्या चिकनच्या दुकानासमोर सायकलवरून उतरला. संक्रांतीची गड्ड्याची यात्रा तोंडावर आलेली, कपाळावर विभूतीचे पट्टे, वर सोमवार. तो दुकानाच्या फळीपासून चांगला हातभर लांब उभा राहिला (त्याच्या मते तेवढं पुरेसं होतं) आणि त्यानं कावेरीची सगळी हकीकत सांगितली.

महबूबभाईंनी मन लावून ऐकलं. "सिद्धारामभाई, मेरेकू क्या मालूम? मेरी कोंबडी सर्दी लगने तक रुकतीच नै."

"तरी पण, काहीतरी..."

"मका खिलाओ. पेट में गया तो गरम रहती." असं म्हणून त्यांनी मूठभर मक्याचा भरडा काळ्या पिशवीत बांधला आणि प्रेमानं त्याच्या हातात दिला.

आता चिकनच्या दुकानातून काळी पिशवी घेऊन निघालेल्या माणसाला, तुझ्या पिशवीत काय, असं कुणी विचारत नाही. जगाला ते माहीत असतं. समोरच्या देवळातून बाहेर पडणाऱ्या शरणप्पांनाही माहीत होतं. शरणप्पा म्हणजे गल्लीतले ज्येष्ठ, मठातल्या पंगतीत पहिल्या पानावर बसणारे. सिद्धारामनं त्यांना वाकून नमस्कार केला. काळी पिशवी पण वाकली. शरणप्पा दोन पावलं मागं सरकले, आणि सिद्धारामला वाटलं, सर्दी आपल्याला आहे हे त्यांना कळलेलं दिसतंय.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो वाळलेली चादर डोक्यावरून घेऊन पडला. थोड्याच वेळात जीव गुदमरला आणि त्यानं नाक बाहेर काढलं. नाक बाहेर आलं आणि डोक्यात उजेड पडला. अरे, आपल्याला नाक बाहेर लागतं, मग कोंबडीला नको का? तो तसाच उठला. खुराड्याच्या वरच्या अंगाला, पत्र्याखाली, हवा जायला फट ठेवली. ओला कचरा काढून खाली कोरडा भुसा घातला. वाऱ्याच्या बाजूला तेवढं पोतं लावलं. तुंगा-भद्रा खूश झाल्या. कावेरीला मात्र त्यानं टोपलीत घालून आतल्या खोलीत आणलं, आपल्या कॉटशेजारी.

संध्याकाळचा चहा घेऊन तो तिच्यासमोर बसला. चहा दोन कप झाला होता. रोजच व्हायचा, हात ऐकत नव्हता. दुसरा कप तो खिडकीत ठेवायचा आणि गार झाला की पिऊन टाकायचा.

"तुला पण करमत न्हाय व्हय गं," तो कावेरीला म्हणाला. "मला तर घरात यावं वाटंना. कुलूप काढलं की आतून कुणी 'री' म्हणत न्हाय. लगीन झाल्यापासून मला नावानं हाक मारली न्हाय तिनं, नुसतं कानडीतलं 'री', म्हंजी अहो. तेवढं एक अक्षर ऐकायला कान आसुसलेत बघ."

कावेरीनं एक डोळा उघडला. त्यानं मक्याचा भरडा तळहातावर धरला. तिनं एक दाणा उचलला, मग दुसरा. सिद्धारामच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सर्दीचं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. उघडतो तर दारात चंद्रव्वा, हातात पिशवी, एसटीच्या धुळीनं केस पांढरे. सिद्धारामला क्षणभर वाटलं, आपल्या मनातलं तिला तिकडं कळलं.

"बाजूला व्हा," चंद्रव्वा म्हणाली आणि थेट स्वयंपाकघरात गेली. तिनं एकेक भांडं उचलून हुंगलं. कढई दोनदा हुंगली.

"काय झालं?"

"शरणप्पाच्या घरनं फोन आला व्हता. बायकूची पाठ फिरली आन सिद्धाराम काळी पिशवी घिऊन हिंडतोय म्हनं." एवढं बोलून ती परसात गेली. तुंगा होती. भद्रा होती. ती हळूहळू वळली. "कावेरी कुटं हाय?"

"आत हाय," सिद्धाराम म्हणाला.

चंद्रव्वानं त्याच्या पोटाकडं बघितलं आणि मटकन पायरीवर बसली. तोंडाला पदर लावला. सिद्धाराम धावत आत गेला आणि टोपलीसकट कावेरीला घेऊन आला. कावेरीनं चंद्रव्वाला बघितलं आणि अशी काही कुरकुर केली की जणू तीन दिवस तिचा छळच झाला होता.

मग सगळा उलगडा झाला. चंद्रव्वा हसली, रडली, पुन्हा हसली. तिनं चहा केला. दोन कप, दोन्ही गरम. सिद्धारामला वाटलं, आता हे असंच राहावं.

"री," ती म्हणाली, "ह्या तिघींना मी संगं नेते."

"कुटं?"

"कुर्डुवाडीला. बाई घरात न्हाय आन कोंबड्या घरात हायत म्हटल्यावर लोकं बोलनारच की. जावयाच्या क्वार्टरच्या मागं चांगलं ऊन येतंय. त्यास्नी इचारलंय फोनवर."

"मग मी पण येतो चार दिवस."

"तुमाला कुटं ठिवू? दोनच खोल्या हायत."

दुपारच्या एसटीत चंद्रव्वाला खिडकीची जागा मिळाली. टोपली मांडीवर, टोपलीवर सिद्धारामची चादर. तो खाली उभा होता. ड्रायव्हर चढला, घंटी वाजली. आज नाही तर कधीच नाही, असं त्याला वाटलं. आजूबाजूला माणसं होती, पण त्यानं खिडकीच्या कडेला हात धरला.

"चंद्रव्वा, एक सांगायचं व्हतं. मला लई..."

"थांबा," ती म्हणाली. तिचा आवाज जरा हलला होता (निदान त्याला तसं वाटलं). ती त्याच्याकडं वाकली, त्याची बोटं एकेक करून कडेवरून अलगद बाजूला केली, आणि काच सरकवून घट्ट लावून घेतली.

कावेरीला वारं लागत होतं.