केरसुणी, मीठ, नारळ आणि एक गोलकीपर

कागदपत्रांच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस अख्ख्या कतारमध्ये नाही, असं मी म्हणत नाही. माझ्या ऑफिसातले लोक म्हणतात! मी विचारल्यावर म्हणतात, पण म्हणतात. गॅस प्लांटमध्ये गेली अठरा वर्षं मी फायली सांभाळतो. तीन देशांचे ऑडिटर आले आणि एक साधी सहीसुद्धा कमी न सापडल्यामुळे तोंड पाडून परत गेले. म्हणूनच नुपूरच्या शाळेचं प्रकरण निघालं तेव्हा मी आमटी-भात कालवता कालवता जाहीर केलं, "हे माझ्यावर सोडा!"

"तेवढं सोडून काहीही करा," सरोज म्हणाली.

आमच्या घरात मला एवढाच मान आहे.

प्रकरण असं होतं. साल दोन हजार बावीस. वर्ल्ड कप नोव्हेंबरात, आणि दोह्यातल्या यच्चयावत घरमालकांना आपापल्या फ्लॅटमध्ये आत्तापासूनच परदेशी पाहुणे दिसायला लागले होते. अल अझीझियातल्या आमच्या घरमालकाने अकरा वर्षांची ओळख बाजूला ठेवून सांगितलं, "थर्टी सप्टेंबर, खलास!" शोधशोध शोधून आम्हाला अल वक्र्याला एका व्हिलाचा खालचा मजला मिळाला. घर बदललं म्हणून शाळाही बदलली. इथवर सगळं सरळ होतं.

पण आमची नुपूर, इयत्ता नववी, ही गोलकीपर आहे. साधीसुधी नव्हे, शाळाशाळांमध्ये जिच्या नावाने बोटं मोडतात अशी. जुन्या शाळेचे फुटबॉलचे सर रहमान, मूळचे मलप्पुरमचे, यांना बातमी कळली तेव्हा त्यांनी फोनवर मला सरळ विचारलं, "संजीव भाई, आप घर बदलता है, या मेरा टीम तोडता है?"

आंतरशालेय समितीचा नियमही कडक. शाळा बदललेल्या खेळाडूने त्या वर्षी खेळायचं नाही. कुटुंबाने खरोखर घर बदललं असेल तरच सूट, आणि तेही दहा सप्टेंबरच्या आत! नाहीतर वर्षभर बाकावर. पुढच्या वर्षी नुपूरची दहावी, आणि दहावीच्या वर्षात घरात चेंडू दिसणार नाही, हे सरोजने ती सातवीत असतानाच सांगून ठेवलेलं. म्हणजे खेळायचं तर याच वर्षी. नाहीतर शाळेतलं फुटबॉल संपलंच.

नव्या घराची किल्ली हातात पडली आठ सप्टेंबरला, गुरुवारी. नऊला शुक्रवार, सुट्टी. मी म्हटलं, "यल्ला! उद्याच हलवू सगळं!"

"उद्या अनंत चतुर्दशी आहे. घरात गणपती बसलाय. विसर्जन करू की कपाटं उचलू?"

"मग शनिवारी?"

"शनिवारपासून पितृपक्ष," सरोज म्हणाली, आणि तिने भाजीला फोडणी घातली. याचा अर्थ चर्चा संपली.

पंधरा दिवस घर हलणार नाही! मी हतबल होऊन खुर्चीत बसलो. तेवढ्यात नाशिकहून सासूबाईंचा फोन आला आणि त्यांनी एका वाक्यात मार्ग काढला. "अगं, प्रस्थान ठेवा की!"

प्रस्थान म्हणजे काय, हे मला लग्नाआधी माहीत नव्हतं. मुहूर्तावर घरातली एखाद-दुसरी वस्तू नव्या जागी नेऊन ठेवायची, की माणसं निघाल्यात जमा. मग सामान सावकाश आलं तरी चालतं. मी तर उडालोच! शास्त्राची संमती, समितीची तारीख, दोन्ही सांभाळलं जात होतं.

शुक्रवारी विसर्जन झाल्यावर मी मच्छिंद्रला बोलावलं. मच्छिंद्र आष्टीकडचा. इंडस्ट्रियल एरियात राहतो, पिकअप चालवतो. तो दोन हमाल आणि दोरखंड घेऊन हजर झाला. सरोजने त्याच्या हातात नवी केरसुणी, मिठाची बरणी आणि नारळ दिला.

"आन् बाकीचं, वहिनी?"

"बाकीचं काही नाही."

"सायेब, म्या दोन गडी आणलेत उचलायला!"

"एकाला नारळ धरू दे, एकाला बरणी," मी म्हटलं.

तिन्ही वस्तूंचे मी वक्र्याच्या हॉलमध्ये फोटो काढले. तारखेसकट, समोरून आणि बाजूने. मच्छिंद्रकडून पावती लिहून घेतली. समितीच्या फॉर्मवर 'घर बदलल्याचा दिनांक' यापुढे नऊ सप्टेंबर लिहिलं, 'सर्व सामान हलवले आहे का?' यापुढे सुबक अक्षरात 'होय' लिहिलं, आणि सही ठोकली. फोटो काही त्यांना पाठवले नाहीत. ते माझ्या फायलीत.

तो 'होय' मला फार महागात पडला.

आता आम्ही कागदावर वक्र्याला होतो आणि देहाने अझीझियात. नव्या शाळेची बस वक्र्याच्या गेटवर सहाला यायची. म्हणून मी रोज सव्वापाचला नुपूरला गाडीत घालून वक्र्याला न्यायचो. तिने गेट उघडून आत जायचं, रिकाम्या घरात दोन मिनिटं थांबायचं आणि बस आली की घरातून निघाल्यासारखं बाहेर यायचं.

"बाबा, आय हॅव ऑलरेडी लेफ्ट होम वन्स," ती डोळे चोळत म्हणायची.

"दोनदा निघालं तर काही बिघडत नाही!"

संध्याकाळी वेगळाच ताप. आमच्या गल्लीतल्या बेकरीत खुबूस, म्हणजे अरबी रोटी, घ्यायला गेलो की रहमान सर हटकून पुढ्यात! तेही अझीझियातच राहतात.

"संजीव भाई, आप वक्रा गया ना?"

"हां, गया."

"फिर इधर?"

"यहाँ का खुबूस अच्छा है."

"रोज आता है? इतना दूर?"

"बहुत ही अच्छा है, सर."

ते माझ्या पायांकडे बघत होते. पायात घरातल्या चपला आणि अंगात हाफ पँट होती. दुसऱ्या दिवसापासून मी खुबूस आणायला बूट-मोजे घालून जाऊ लागलो. पण घात झाला तो भलतीकडूनच. सरोजने नुपूरची नव्या शाळेची जर्सी धुतली आणि नेहमीप्रमाणे अझीझियाच्या गॅलरीत वाळत घातली. हिरवी, पाठीवर मोठ्ठा 'एक' हा आकडा! रहमान सरांनी खालून फोटो काढला आणि समितीकडे तक्रार गेली.

गुरुवारी पत्र आलं. समितीच्या अध्यक्षा नफिसा मॅडम शनिवारी, चोवीस तारखेला दुपारी चार वाजता घराची पाहणी करायला वक्र्याला येणार. तक्रारदार सोबत असतील.

नुपूरने पत्र वाचलं. ग्लव्हज मांडीवर घेऊन बसून राहिली. मला ते बघवेना. मी म्हटलं, "सरोज, पितृपक्ष संपायला तीनच दिवस उरलेत. जरा..."

"नाही."

तेव्हा मला माझ्या आयुष्यातली सर्वांत चमकदार कल्पना सुचली. आपलं सामान हलवायचं नाही ना? मग दुसऱ्याचं आणू! सामान आपलं नाही, म्हणजे आपण घर हलवलेलंच नाही. पितृपक्षाला कुठेही बाधा नाही!

"माझ्याकडून खोटं बोलवून घेऊ नका, एवढंच," सरोज म्हणाली.

मच्छिंद्र त्या दिवसांत वर्ल्ड कपच्या पाहुण्यांसाठी सजवायच्या घरांना फर्निचर पोचवत होता. "शनवारचा माल रैवारी उतरवायचाय, सायेब. शेठला इचारतो. दोन तास तुमच्याकडं मांडू, काय झिजतंय का?" शेठ हो म्हणाले. मी नव्या घराची किल्ली मच्छिंद्रकडे दिली आणि निश्चिंत झालो. दुपारी पावणेचारला सरोज आणि नुपूरला घेऊन वक्र्याला पोचलो, दार उघडलं.

हॉलमध्ये आठ खाटा! एकसारख्या, ओळीने, गाद्यांवर प्लास्टिक तसंच. प्रत्येक खाटेला चिठ्ठी: 'रूम दोन, बेड ए', 'रूम दोन, बेड बी'. आठ छोटी टेबलं. आठ दिवे. आणि समोरच्या भिंतीवर एक झळाळता बोर्ड: 'वेलकम! चेक-आउट सकाळी अकरा वाजता.'

"ही भित लई मोकळी दिसत व्हती," मच्छिंद्र समाधानाने म्हणाला.

"अरे, काढ तो!"

तेवढ्यात बेल वाजली.

नफिसा मॅडम हैदराबादच्या. साठीच्या, शांत, चष्म्याला साखळी. त्यांनी एकेक खाट बघितली. रहमान सर मागून मोबाइलवर फोटो काढत होते.

"कितने लोग हैं आप?"

"तीन, मॅडम."

"और बिस्तर आठ?"

"मेहमान बहुत आते हैं."

त्यांनी बोर्ड वाचला. "चेक-आउट ग्यारह बजे?"

"घर में डिसिप्लिन है, मॅडम."

रहमान सरांना ठसका लागला. ते म्हणाले, "मॅडम, ये तो होटल खोला है! शिफ्ट भी नहीं हुआ, ऊपर से वर्ल्ड कप का बिझनेस!"

मी 'नाही नाही' म्हणेपर्यंत नफिसा मॅडम सरोजकडे वळल्या. "आप बताइए."

सरोजने पदर सारखा केला. "मॅडम, झूठ नहीं बोलूँगी. इसमें हमारा सिर्फ वो है." आणि तिने कोपऱ्याकडे बोट केलं. केरसुणी, बरणी, नारळ.

"झाडू!" रहमान सर ओरडले. "पूरा फॅमिली में से एक झाडू शिफ्ट हुआ!"

नफिसा मॅडमनी नुपूरला खूण केली आणि तिला घेऊन रिकाम्या किचनमध्ये गेल्या. दार लोटलं गेलं. मी 'रूम दोन, बेड बी'वर बसलो. प्लास्टिक करकरलं. खरं सांगतो, त्या पाच मिनिटांत मला फार लाज वाटली. गोल अडवणारी पोर, कधी कुणाला साधा धक्का मारला नाही तिने. आणि मी तिला रोज पहाटे एका खोट्या दारातून बाहेर काढत होतो. माझ्या एका 'होय'पायी तिचं वर्ष जाणार होतं.

त्या बाहेर आल्या. त्यांनी सरोजला प्रस्थान म्हणजे काय ते विचारलं. सरोजने सांगितलं, पितृपक्षाचंही सांगितलं, आणि नफिसा मॅडम पहिल्यांदाच हसल्या.

"हमारे यहाँ हिजरी साल के सफर महीने में तेरा तेज़ी होती थी. तेरह मनहूस दिन! अम्मी सफर पे निकलने तो क्या, संदूक सरकाने नहीं देती थीं." मग त्यांनी पिशवीतून माझा फॉर्म काढला. "संजीव साहब, आपने इसका पिछला पन्ना देखा?"

मागचं पान! फॉर्मला मागचं पान होतं!

तिथे स्पष्ट लिहिलं होतं: भाडेकरार झाला असून मुदतीच्या आत घर हलवायला सुरुवात केली असेल, पण कौटुंबिक वा धार्मिक कारणाने ते पूर्ण झालं नसेल, तर इथे खूण करा, तीस दिवसांची सूट मिळेल. नुसती एक खूण! अठरा वर्षं मी लोकांच्या फायली तपासल्या, आणि माझ्या स्वतःच्या कागदाचं पान उलटलं नाही.

"लेकिन मॅडम, सुरुआत?" रहमान सर म्हणाले. "झाडू से?"

"रहमान साहब, आपके घर में पलंग पहले आया था या झाडू?"

मच्छिंद्रही पुढे झाला. "म्या सोता आणलीय. नऊ तारकंला. दोन गडी लागले व्हते." मी घाईघाईने फोटो दाखवले. समोरून आणि बाजूने.

रहमान सरांनी एकदा नारळाकडे बघितलं आणि मोबाइल खिशात टाकला. मग नुपूरच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "क्या करेगा. अच्छा कीपर था मेरा." मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल काहीही राग राहिला नाही.

घटस्थापनेला, सोमवारी, आम्ही खरोखर घर हलवलं. त्याच दिवशी समितीचा निर्णय आला. दोनच ओळी होत्या. विद्यार्थिनी नुपूर: खेळण्यास पात्र. वडील संजीव: चुकीची माहिती दिल्याबद्दल संपूर्ण स्पर्धेसाठी मैदानात प्रवेशास अपात्र!

पोरगी पात्र आणि बाप अपात्र! पण मी मुकाट्याने मानलं. नुपूर खेळणार होती, मला तेवढं पुरे होतं. ऑक्टोबरात पहिली मॅच झाली तेव्हा सरोज आत आणि मी बाहेर पार्किंगमध्ये, एसी लावून. आतून आरडाओरडा आला की माझा जीव वरखाली व्हायचा. शेवटी दोघी बाहेर आल्या. नुपूर नखशिखांत धुळीने माखलेली, पण दात दिसत होते. एकही गोल नाही! पेनल्टीसुद्धा अडवली होती.

मी तिला मिठीत घेतलं. डोळे भरून आले होते, मी ते लपवलेही नाहीत. म्हटलं, "सोन्या, मी आत असतो तर! त्या मॅडमनी जरा जास्तच कडक शिक्षा दिली गं!"

सरोज आणि नुपूरने एकमेकींकडे बघितलं.

"सांग त्यांना," सरोज म्हणाली.

"बाबा... किचनमध्ये मॅडमनी विचारलं, व्हॉट शुड वी डू विथ युअर फादर? सो मी सजेस्ट केलं."

"तू?"

"सॉरी, बाबा. पण तुम्ही ना, प्रत्येक मॅचला लाइनवर उभे राहून ओरडता, 'पुढे जा! पुढे जा!'" तिने ग्लव्हज काढले आणि अगदी प्रेमाने माझ्या हातात दिले. "आय ॲम द गोलकीपर."