गेणू पिसोरीने दलाल निवडला

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांकडे मोबाइल होते. रेंज मात्र फक्त टेकडीवर होती. म्हणून सगळे शहाणे टेकडीवर राहत.

खाली ओढ्याकाठी गेणू पिसोरी राहायचा. पिसोरी म्हणजे सशाएवढं हरीण. शिंगं नाहीत, भांडण नाही, आवाज तर नाहीच. गेणू इतका लाजाळू होता की खाली पडलेलं उंबरसुद्धा आधी झाडाकडे बघून मग खायचा. शाळा त्याने लवकर सोडली होती, त्यामुळे शिकलेल्यांबद्दल त्याला फार आदर होता.

त्याची बायको तानी गाभण होती. मागच्या पावसाळ्यात ओढ्याचं पाणी त्यांच्या कपारीत शिरलं आणि पहिलं पाडस वाहून गेलं. त्याबद्दल दोघं कधी बोलत नसत. पण यंदा आभाळात एवढासा ढग आला तरी तानी कपारीबाहेर येऊन उभी राहायची.

टेकडीवर साळिंदरकाकांची एक कोरडी ढोली रिकामी होती. किंमत एकशे वीस चारोळ्या. गेणूने वर्षभर पोटाला चिमटा काढून शंभर जमवल्या होत्या.

"वीस कमी पडतात? मग वाढव की," शेजारचा होला पक्षी म्हणाला. "नदीपलीकडे झाडांचा बाजार भरतो. तिथे फणसाचा वाटा घे. फणस लागले की शंभराच्या एकशे वीस. सोपं आहे."

बाजारात आपलं आपण जाता येत नसे. मध्ये दलाल लागे. पूर्वी एकटे कासवआजोबा होते. शंभरामागे दोन चारोळ्या घेत, पोहत निघत, आणि पलीकडे पोचेपर्यंत हंगाम संपलेला असे. आता मोबाइलवर दलाल आले होते. पोपट शंभराला एक चारोळी घेई. माकडाने तर पाटीच लावली होती : 'दलाली शून्य! खातं तीन मिनिटांत!'

म्हणजे फरक किती? दोन चारोळ्यांचा. गेणूला एवढा हिशोब येत नव्हता असं नाही. पण आपण चुकलो तर, ही भीती होती. आणि लाजाळू प्राण्याला, मुलांनो, चुकण्यापेक्षा एकट्याने चुकण्याची भीती जास्त असते.

म्हणून त्याने ठरवलं, चार शहाण्यांना विचारू.

आता या जंगलाची एक रीत होती. सल्ला फुकट घ्यायचा नाही. पळसाच्या पानावर एक चारोळी ठेवून न्यायची. रिकाम्या पानाचा सल्ला फळत नाही, असं जुनीजाणती मंडळी सांगत. जुनीजाणती म्हणजे ज्यांच्याकडे सल्ला मागायला जात, ती.

पहिलं पान घुबडमावशीकडे गेलं.

"माकड? शून्य?" मावशी म्हणाली. "अरे, जो काहीच घेत नाही तो कुठून तरी घेतोच."

"मग पोपट घेऊ?"

"तो ऐकलेलंच बोलतो."

"मग कासवआजोबा?"

"त्यांचं वय बघ की."

"पण मावशी, कासव तीनशे वर्षं जगतं ना?"

"झाली ना आता."

"मग नेमकं कोण?"

"ते तू ठरवायचं. मी फक्त दिशा दाखवते." आणि मावशीने चारोळी तोंडात टाकली.

रानडुक्कर म्हणाला, "मी पोपटाकडे आहे. एकदम झकास."

"फायदा झाला?"

"ते काय बघितलं नाही बुवा. पण उघडलं की हिरवं हिरवं दिसतं. बरं वाटतं."

मोर माकडाच्या बाजूने होता. खातं उघडलं की लाल टोपी मिळते, हे त्याचं मुख्य कारण. टोपी त्याने तुऱ्यावरच घातली होती.

दोन सल्ले जुळले नाहीत की गेणू तिसरा घेई. तिसरा जुळला की त्याला संशय येई, म्हणून चौथा. पळसाखालची पानं कमी होऊ लागली.

उरलेल्या चारोळ्यांतल्या चाळीस कोल्हेसरांनी घेतल्या. त्यांचा 'दलाल कसा निवडावा' असा तीन दिवसांचा वर्ग होता.

"सर, चाळीस म्हणजे खर्च जरा..." गेणू कसाबसा बोलला.

"गेणू, याला खर्च म्हणतोस? ही स्वतःमधली गुंतवणूक आहे!"

पहिल्या दिवशी सरांनी आपलं हलाखीचं बालपण सांगितलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना डोळे मिटून श्रीमंत झाल्यासारखं वाटून घ्यायला लावलं. तिसऱ्या दिवशी पुढच्या वर्गाची फी सांगितली आणि सागाच्या पानावर प्रमाणपत्र दिलं. गेणूने ते कपारीत नीट उभं करून ठेवलं. घरात शिकलेलं कुणीतरी आल्यासारखं वाटलं.

"अहो, झालं का?" तानी विचारायची.

"होतंय. सगळ्या बाजू बघून घेतोय."

"एकदा वरची बाजू पण बघा. ढग आलेत."

शेवटी गेणूचा निर्णय झाला. माकड! दलाली शून्य, याहून कमी काय असणार? तो टेकडीवर चढला. तीन मिनिटांत खातं उघडलं. पिशवीत पाय घातला, तर एक चारोळी निघाली. ती त्याने भरली. मोबाइल वाजला : 'अभिनंदन गेणू! तुमची दलाली : शून्य.'

गेणूचे डोळे भरून आले. खरंच एक दाणाही कापला नव्हता.

तेवढ्यात वरून तानी धापा टाकत आली. "अहो, ऐकलंत का! साळिंदरकाकांना माझं पोट दिसलं. म्हणाले, वीस सोडल्या, शंभरात घ्या. उद्याच राहायला या. आणा बघू चारोळ्या."

गेणूने मोबाइल पुढे केला. तानीने पाहिलं.

"एक?"

"हो."

"बाकीच्या?"

"दलाल निवडायला लागल्या."

"पण तो तर फुकट आहे म्हणालात!"

"हो ना. तेच शोधून काढायला."

तानी खाली बसली. तिने बोलायला हवं होतं, असं गेणूला फार वाटलं.

इतक्यात ओढ्याकाठचा ससा दबकत दबकत वर आला. त्याच्या हातात पळसाचं पान होतं आणि पानावर एक चारोळी.

"गेणूदादा, तुमच्याइतका अभ्यास जंगलात कुणाचा नाही म्हणतात. माझ्याकडे पन्नास आहेत. दलाल कोणता घेऊ?"

"अरे, कुठलाही घे, सगळे..." गेणू म्हणू लागला.

तानीने त्याच्या खुरावर आपला खूर दाबला. तिने पानाकडे पाहिलं. आभाळाकडे पाहिलं. मग गोड आवाजात म्हणाली, "भावजी, बसा ना. यांना जरा विचार करू द्या."

गेणूने बराच वेळ लांब कुठेतरी पाहिलं. मग म्हणाला, "तुझ्या स्वभावावर आहे."

"अगदी खरं!" सशाचे कान ताठ झाले. "उद्या परत येऊ?"

"ये," गेणू म्हणाला. "पान घेऊन ये."

सशामागून साळुंकी आली, मुंगूस आला, दोन प्रमाणपत्रवाली उदमांजरं आली. मिरगाच्या आत शंभर भरल्या. साळिंदरकाकांनी ढोली दिली. तानीचं पाडस कोरड्यात जन्मलं, आणि गेणूने सागाच्या पानाचं प्रमाणपत्र ढोलीच्या तोंडाशी टांगलं.

त्या पावसात ओढ्याला पूर आला. ससा अजून विचारतच होता. पाणी बिळात शिरलं, आणि ओसरलं तेव्हा तो बिळाबाहेर मरून पडलेला सापडला. त्याच्या हातात पळसाचं पान होतं. रिकामं.

तात्पर्य : मुलांनो, दलाल कोणताही घ्या, फरक दोन दाण्यांचा असतो. पण हे कुणाला सांगू नका. सांगितलंत, तर ढोली कशी घ्याल?